वेदारण्यमच्या पुढचं गाव

१

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि चारुलताबाई तर स्वतःला शहाण्यांतल्या शहाण्या समजत. जेवणं उरकली की त्या बैठकीतले पडदे ओढून घेत, कूलरच्या टाकीत पाइप सोडून ती काठोकाठ भरत, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवत आणि मार्तंडरावांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसत. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी हवी, हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. हवेला निघून जायला वाट नसली तर खोलीत नुसती चिकचिक होते.

सगळं मनासारखं झालं की त्या विचारत, "हं. आज कुठं जायचं?"

हिवाळ्यात मार्तंडरावांना अर्धांगाचा झटका आला होता. जीभ हळूहळू वळायला लागली, उजवं अंग मात्र तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, यांच्याशी बोलत राहा, डोकं चालतं ठेवा. कोणी न सांगता जन्मभर बोलत आलेल्या बाईला आता चक्क औषध म्हणून बोलायला सांगितलं होतं. पण बोलायचं काय? वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर मार्तंडरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नातेवाइकांच्या गोष्टी काढल्या तर ते झोपायचे. मग एक दिवस बाईंना समुद्र आठवला.

मार्तंडराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. भोसल्यांच्या काळात त्यांचे कोणी पूर्वज कटकला कारकून होते. घराण्यात समुद्र पाहिलेला तो पहिला माणूस आणि, मार्तंडराव म्हणत, बहुतेक शेवटचा. त्यांची एक जुनी इच्छा होती. भोसल्यांचं राज्य जिथं समुद्राला भिडलं, त्या बालेश्वरापासून निघायचं आणि पूर्वेच्या सपाट किनाऱ्यानं एकेक गाव करत खाली वेदारण्यमपर्यंत जायचं. तिथं किनारा एकदम पश्चिमेकडे वळतो. त्यांच्या हिशेबी तिथं रस्ता संपला.

सरकारी प्रवासभाड्याची सवलत, एलटीसी, दर चार वर्षांनी यायची आणि कोणाच्या तरी लग्नात, मुंजीत, नाहीतर सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनात जायची. खरं सांगायचं तर बाईंनाही समुद्राची फारशी ओढ नव्हती. "पाणीच बघायचं ना, मग फुटाळा तलावावर जाऊ की," असं म्हणून त्या विषय मिटवत. एकदा त्यांनी नाही म्हटलं की घरात कोणाची पुढे बोलायची टाप नव्हती.

तर आता त्या सकाळी फोनवर एकेका गावाची माहिती बघत आणि दुपारी सांगत. सुरुवात बालेश्वराजवळच्या चांदीपूरपासून झाली. तिथं ओहोटीला समुद्र कोसभर आत निघून जातो, माणसं त्याच्या तळावरून चालतात, आणि मग तो परत येतो. मार्तंडरावांनी डोळे मिटून ऐकलं. चहाच्या वेळी डोळे उघडले आणि म्हणाले, "आलं पाणी परत."

"येणारच," बाई म्हणाल्या. "जाईल कुठं?"

२

गोपाळपूरच्या दिवशी त्यांनी दीपगृह सांगितलं, साहेबलोकांचे पडके बंगले सांगितले. चहा पिताना मार्तंडराव म्हणाले, "दीपगृहाच्या पायरीला शेळी बांधली होती. पांढरी. एक शिंग मोडलेलं."

बाईंनी शेळी सांगितली नव्हती. पण एवढं डोकं चालून राहिलंय हे बघून त्यांना बरंच वाटलं. शेळी काय, हत्ती का पाहिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला आली. ती मूळची नरखेडकडच्या खेड्यातली, नागपूरजवळ वाडीला खोली करून राहायची आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक, मार्तंडरावांचं उठवणं-बसवणं करायची. झाडता झाडता कूलरपाशी थांबली.

"बाई, तुमच्या कूलरले काय झालं वं हे? पाहा बरं, मीठ लागून राह्यलं."

कूलरच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पांढरा थर आला होता. बाईंनी नखानं खरवडून जिभेवर ठेवला. खारट होता.

पुष्कर, त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्याला फोन केला तर तो हसला. "आई, बोअरचं पाणी जड असतं. सगळ्यांच्याच कूलरला पांढरं धरतं. तू आता कूलर चाटून बघून राहिलीस का?"

बाईंनाही हसू आलं. खरंच, दर उन्हाळ्यात थोडं पांढरं धरायचंच. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कूलरमध्ये त्या बोअरचं पाणी घालतच नाहीत. नळाचं घालतात. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की नळाच्या पाण्याचा तरी आजकाल कोणी भरवसा द्यावा? आणि ताट्या धुऊन टाकल्या.

३

गावं पुढे सरकत होती. कलिंगपट्टणम झालं, भीमुनिपट्टणम झालं. काकिनाड्याच्या दिवशी मार्तंडरावांनी संध्याकाळी जेवायला नको म्हटलं. तिथला पाकातला खाजा जास्त झाला म्हणाले. बाईंनी त्यांचा डावा हात पुसायला घेतला तर बोटं पाकात बुडवल्यासारखी चिकट होती. दुपारी आपणच त्यांना सरबत दिलं होतं, हे बाईंना आठवलं. सरबतात साखर असतेच.

मछलीपट्टणमनंतर पंचफुला म्हणाली, "साहेबाले उन्हात बसवलं व्हतं का? कपाय पाहा ना कसं काळं झालं."

मार्तंडराव हिवाळ्यापासून खोलीबाहेर गेले नव्हते. पण कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांची हाडं रापलेली दिसत होती. कानामागची कातडी होती तशी गोरी. बाईंनी ट्यूबलाइट लावून बघितलं, मग पडदा उघडून बघितलं. उजेड बदलला तरी चेहरा बदलला नाही.

"उष्णतेनं होतं असं," त्या म्हणाल्या. पंचफुलानं झाडू उचलला. तिला पुढची कामं होती.

बाईंना काळजी वाटायला हवी होती, पण मनातून त्यांना आनंदच होत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा असा रोज संध्याकाळी ताजा होऊन, काहीतरी सांगायला घेऊन आपल्याकडे येतोय, हे सुख त्यांना कचेरीच्या दिवसांत कधी मिळालं नव्हतं. खारट तर खारट, काळा तर काळा, पण माणूस बोलत होता.

मग एकदा, चहाचा कप खाली ठेवताना, ते सहज म्हणाले, "वेदारण्यम झालं की सुटलो."

"सुटलो म्हणजे?"

"रस्ता संपतो ना चारू तिथं. मग रोज परत यायचं काम नाही."

"परत यायचं नाही तर काय करायचं?"

"ते तिथं गेल्यावर दिसेल," म्हणाले. आवाजात भीती नव्हती, उलट शेवटची फाइल हातावेगळी करणाऱ्या कारकुनाचं समाधान होतं.

४

त्या दिवसापासून बाई चालढकल करायला लागल्या. पुलिकतच्या खाडीत त्यांनी रोहित पक्षी पुन्हापुन्हा उतरवले. तरंगमबाडीचा डेन लोकांचा किल्ला इतक्यांदा दाखवला की मार्तंडराव वैतागले. "काहून तोच तो किल्ला दाखवून राहिलीस? चल पुढं."

नागपट्टणमही संपलं. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि एका दुपारी बाईंना वेदारण्यम सांगावंच लागलं. दुसरं काही सांगायला गेल्या तर मार्तंडराव डोळेच मिटेनात.

त्यांनी मिठागरं सांगितली. उन्हात लखलखणारे पांढरे ढीग, फळीनं मीठ ओढणारी माणसं, आणि पलीकडे सपाट, उथळ पाणी. सांगता सांगता त्यांचा हात मार्तंडरावांच्या मनगटावर होता. मनगट गार पडत चाललं होतं. श्वास लांबत होता, इतका, की दोन श्वासांच्या मधे कूलरच्या पंपाचं टपटपणं तेवढं ऐकू यायचं. चेहऱ्यावर मात्र कधी नव्हती एवढी शांतता.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, वेदारण्यमच्या पुढे एक गाव आहे."

ओठ जेमतेम हलले. "पुढं काही नाही."

"आहे. नीलांगुडी." हे नाव कुठून आलं, ते त्यांनाही कळलं नाही. "छोटं गाव आहे, म्हणून कोणाला माहीत नाही. तिथं एक घर आहे. हिरवं दार आहे. पुढच्या ओसरीवर झोपाळा आहे, तुम्हाला हवा होता ना तसा, पितळी कड्यांचा. झोपाळ्यावर बसलं की समोर समुद्र."

श्वास आला. मग बराच वेळ दुसरा आला नाही, आणि मग तोही आला.

"कोण राहतं तिथं?"

बाई घाईत होत्या. माणूस हातातून निसटत असताना कोण शब्द तोलून बोलतं? त्यांनी त्यातल्या त्यात पक्का गळ टाकला.

"मीच राहते. दुसरी कोण राहील? फक्त केस काळे आहेत, गुडघे दुखत नाहीत, आणि समुद्राला कंटाळत नाही. तुमची वाट बघून राहिले आहे. उठा, चला."

हळूहळू मनगटाला ऊब आली. चहाच्या वेळी मार्तंडरावांनी डोळे उघडले, छताकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान आहे घर."

त्या संध्याकाळी बाईंनी सढळ तूप घालून शिरा केला आणि देवाजवळ दोन दिवे लावले.

५

दुसऱ्या दिवसापासून सांगायची गरजच उरली नाही. कूलरचं बटण दाबलं की मार्तंडराव डोळे मिटत. खुर्ची ओढून बसलेल्या बाई तशाच बसून राहत, तोंडाशी आलेलं वाक्य गिळून.

परत आले की ते सांगत. ओसरीच्या कडेला अबोली लावली आहे. विहिरीचं पाणी गोड आहे, समुद्र एवढा जवळ असून. चारूनं आज तांदळाची उकड केली होती. चारू म्हणाली, झोपाळा करकरतो, तेल घालायला हवं.

"कोणती चारू?" एकदा बाईंनी विचारलं.

मार्तंडरावांनी त्यांच्याकडे बघितलं. नजरेत काहीतरी शोधल्यासारखं झालं, आणि मग ते संकोचून म्हणाले, "म्हणजे… आमची."

बाईंना आधी राग आला आणि मग स्वतःचंच हसू आलं. सवत तरी कोण, तर आपणच! हे पंचफुलाला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. पण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुष्करला फोनवर एवढंच म्हणाल्या, की बाबा थोडे गोंधळतात. तो म्हणाला, डॉक्टरांशी बोललोय, झटक्यानंतर होतं असं, कधी माणसं ओळखू येत नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस. बोलणं अगदी समजुतीचं होतं. बाईंनी मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी मार्तंडराव त्यांना म्हणाले, "तुम्ही बसा ना. सारख्या उभ्या असता."

तुम्ही. जन्मभर अगं-तुगं करणारा नवरा.

"हे बघा," बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवूनही तो चढलाच. "नीलांगुडी नावाचं गाव नाही. मी फोनवर शोधलं, नकाशात शोधलं. कुठंच नाही. मी बनवलं ते. तुम्ही जाऊ नये म्हणून बनवलं."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर कणव आली.

"तीही असंच म्हणते," ते म्हणाले.

"काय म्हणते?"

पण त्यांचा डोळा लागला होता.

६

मग बाईंनी कूलर लावलाच नाही. जायची वाटच बंद करून टाकू, म्हटलं. पण नवतप्यातल्या दुपारी कूलरशिवाय आजारी माणसाला ठेवणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच विचारावं. थोड्याच वेळात मार्तंडराव घामानं निथळले, लाल झाले, धापा टाकायला लागले. बाईंनी ओल्या पंच्यानं पुसलं, पुठ्ठ्यानं वारा घातला, रडल्या, आणि शेवटी बटण दाबलं.

दाबलं आणि उठून समोरची खिडकी घट्ट लावून घेतली. आजवर कधी केली नव्हती अशी ही चूक त्यांनी जाणूनबुजून केली. हवा बाहेर जाणार नाही तर माणूस तरी कसा जाईल, असला काहीतरी हिशेब त्यांच्या डोक्यात होता. भीतीनं माणूस कसले हिशेब करतो ते त्याचं त्यालाच माहीत.

खोली दमट झाली. गादी ओलसर लागायला लागली, पातळ अंगाला चिकटलं, कॅलेंडरचं पान मऊ पडून लोंबलं. हे व्हायचंच होतं. पण कूलरचा आवाजही बदलला. रोजची घरघर विरत गेली, आणि तिच्या जागी एक मोठा, सावकाश आवाज यायला लागला. काहीतरी खूप लांब मागं जायचं, थांबायचं, आणि परत यायचं.

मार्तंडरावांचे डोळे मिटलेले होते. बाई उठल्या. पंप बिघडला असेल, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आपल्याला ऐकू येईल इतपत. कूलरपाशी जाऊन वाकल्या आणि समोरच्या पट्ट्यांमधून आत बघितलं.

आत पंखा असायला हवा होता. पंख्यामागं ओल्या ताट्या, ताट्यांमागं गल्ली आणि शेजारच्या कुसुमताईंची काळी पाण्याची टाकी. त्यांना एका पलंगाचा पाय दिसला. त्यापलीकडे अर्धवट लोटलेलं हिरवं दार, आणि दाराच्या फटीत डोळे दिपवणारा पांढरा उजेड. पलंगाशेजारी खुर्ची ओढून एक बाई पाठमोरी बसली होती. काळ्या केसांचा सैल अंबाडा होता. मान एका बाजूला कलली होती, आणि उजव्या हाताचं बोट हवेत काहीतरी दाखवत होतं. इकडे हे, तिकडे ते. गावाची माहिती सांगताना चारुलताबाईंचं बोट असंच फिरायचं.

मग बोट मधेच थांबलं. कोणीतरी मागं उभं आहे असं वाटल्यावर माणूस बोलता बोलता गप्प होतो, तशी ती गप्प झाली. आणि मान वळवायला लागली.

बाईंनी बटण बंद केलं.

७

त्या किती वेळ कूलरला टेकून उभ्या होत्या कोण जाणे. भानावर आल्या तेव्हा मार्तंडराव त्यांच्याकडेच बघत होते. चेहरा उन्हानं पार रापलेला होता.

"ताई," ते हलकेच म्हणाले, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मी चारू आहे हो."

ते हसले. समोरच्याला दुखवायचं नसलं की माणूस हसतो, तसं. "चारू तिकडं आहे. रोज दुपारी माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसते आणि एका गावाबद्दल सांगते. नागपूर म्हणून आहे. फार ऊन असतं म्हणे तिथं. एक खोली आहे, पडदे ओढलेले. कूलर लावलेला असतो. एक वयस्क बाई आहे, ती माझी फार काळजी घेते. चारूनं असं काही छान सांगितलं आहे, की सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं."

बाई खुर्चीत बसल्या. "काहून सांगते ती हे?"

"मधे मला बरं नव्हतं ना. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा यांच्याशी." त्यांनी डाव्या हातानं चादर सारखी केली. "आज मात्र सांगता सांगता उठलीच. कोणीतरी बाई आत डोकावून राहिली होती, म्हणाली. घाबरली. म्हणते, आता नागपूर पुरे. उद्यापासून दुसरं गाव."

गल्लीत कुठंतरी भंगारवाल्याची हाळी ऐकू आली आणि लांब गेली.

"तिला म्हणावं," बाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, थोडे दिवस अजून नागपूरच सांग. मी हात जोडते म्हणावं."

"सांगून पाहतो," मार्तंडराव मनापासून म्हणाले. "पण ती हट्टी आहे हो, ताई. आपल्या माणसाच्या बाबतीत कोणाचं ऐकायची नाही. तुम्ही ओळखत नाही तिला."

चारुलताबाई तिला पुरत्या ओळखत होत्या. ती ऐकणार नव्हती. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही ऐकलं नसतं.

मार्तंडरावांचे डोळे जड व्हायला लागले होते. कूलर बंद होता, तरी. बाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली, त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगायला लागल्या, भराभर, जे आठवेल ते.

"ऐका. नागपूर म्हणून एक गाव आहे. तिथं सीताबर्डीला टेकडीवर किल्ला आहे. फुटाळा नावाचा तलाव आहे, संध्याकाळी तिथं कणसं भाजतात, तुम्ही मला लिंबू जास्त लावून द्यायचे. हिवाळ्यात संत्र्यांच्या गाड्या लागतात, सगळ्या रस्त्याला वास येतो. एक घर आहे. त्याच्या बैठकीत निळे पडदे आहेत, तुम्हाला आवडले नव्हते तरी मी घेतले…"

"कोण राहतं तिथं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"मीच राहते," बाई म्हणाल्या. "केस पांढरे झालेत. गुडघे दुखतात. पण मीच आहे हो. मीच राहते."

त्या उत्तराची वाट बघत बसल्या. बंद कूलरमधून गार, ओलसर वारा येत होता, आणि त्या वाऱ्याबरोबर, खूप लांबून, तेलाविना करकरणाऱ्या झोपाळ्याचा आवाज.